आईचे कान

रविवारी दुपारी मिरकरवाडा बंदरावरचा मासळीचा लिलाव आटोपला की सगुणा घरी येऊन हातपाय धुवायची, दाराकडे पाठ करून बसायची आणि ईशाला समोर बसवायची. उजेड ईशाच्या तोंडावर पडायला हवा.

"आलं पत्र? काय लिवलान त्यानं?"

सगुणाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. त्यामुळे तिचा हा प्रश्न पलीकडच्या दोन घरांत सहज पोचायचा.

ईशा शाळेत होती तेव्हा सगुणाला मोठा ताप आला. ताप गेला, जाताना कान घेऊन गेला. हळूहळू ती ओठ वाचायला शिकली, पण ते फक्त ईशाचे. बाकीची माणसं पान चघळत, मान वळवत, भरभर बोलायची. नवरा लवू मासेमारीचा ट्रॉलर चालवणारा तांडेल होता आणि त्याची मिशी खालच्या ओठावर आलेली. त्यातून काय वाचणार? मग लिलावात बोली कुठवर गेली, डॉक्टर काय म्हणाला, शेजारीण का चिडली, हे सगळं ईशा आवाज न काढता, ओठ नीट हलवून आईला सांगायची.

पत्र म्हणजे फोनवरचा लांबलचक मेसेज. गौरव दापोलीला शेतकी कॉलेजात गेला तेव्हा सगुणाने त्याला बजावलं होतं, "फोन करून मला काय उपयोग? पत्र लिव. दर रविवारी." पोरगा आईवर माया करणारा. त्याने शब्द पाळला. सगुणाला अक्षरओळख नव्हती, म्हणून मेसेज ईशाच्या फोनवर यायचा आणि सुरुवातीला चक्क 'ती. आईस सा. न.' असायचं.

'इथे पहाटे थंडी असते. मेसची आमटी म्हणजे हळदीचं पाणी. सकाळी प्लॉटवर जावं लागतं, मग लेक्चर, मग प्रॅक्टिकल. आज कोय कलम शिकवलं. कोवळं रोप कापायचं, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायची. माझी तीन वेळा तुटली.'

हे नुसत्या ओठांनी कळेना. ईशाने विळीवर भेंडीचा देठ कापला, त्याला चीर दिली, दुसरा देठ तासून आत बसवला आणि दोऱ्याने बांधून आईच्या हातात दिला. सगुणा तो फिरवून फिरवून बघत राहिली. "हुशार हो माझा गौरव," ती म्हणाली.

पत्राचा शेवट बहुतेक एकाच वळणाचा असायचा. 'ईशाची मजा आहे. अभ्यास नाही, काही नाही, घरचे ताजे मासे खायचे.' हेही ईशालाच ओठांनी सांगावं लागे. ती सांगायची. एक शब्द गाळायची नाही. सगुणा हसून तिच्या गुडघ्यावर थाप मारायची.

गौरव तिच्यापेक्षा वर्षाने मोठा, पण बारावीला एकदा अडकला, म्हणून शेतकीच्या प्रवेश परीक्षेला दोघं एकदमच बसली होती. नंबर दोघांचाही लागला. ईशाचं नाव यादीत बरंच वर होतं. ती धावत धक्क्यावर गेली. लवू जाळं सोडवत होता. त्याने ऐकून घेतलं आणि मान खालीच ठेवून म्हणाला, "दोघं गेलात तर हिचे कान कोण होणार?"

"बाबा, तुम्ही आहात ना."

"मी समुद्रावर असतो. आणि माझं तिला कळत नाय." जाळ्याची गाठ ओढत तो म्हणाला, "गौरवला जाऊ दे. बाप्या माणूस आहे, त्याला शिकाय पायजे. तू इथून बाहेरून कर काहीतरी."

त्या दिवशी घरी त्याने बायकोला हातवारे करून सांगितलं. ईशाकडे बोट दाखवलं, दोन्ही तळवे पुस्तकासारखे मिटले आणि मान हलवली. हिला शिकायचं नाय. सगुणाने ईशाकडे पाहिलं. ईशाने ओठ मिटून घेतले. बापाला आईसमोर खोटं पाडायचं तर शब्दही तिलाच द्यावे लागणार होते, आणि ते तिच्याने होईना.

वर्षं गेली. पत्रं येत राहिली. चिखलात भाताची लावणी, पाठीत भरलेली उसण, कीटकांचे डबे जमवताना झालेली फजिती. सीनियरनी भर मैदानात गायला लावलेलं गाणं. 'आमच्या वर्गात निम्म्या मुली आहेत. सगळ्या पुढच्या बाकांवर बसतात, आणि सरांचं लक्ष तिकडेच.' ईशाने हे वाचलं आणि ओठ हलवायच्या आधी जरा थांबली.

"काय गो? वाईट काय लिवलान?" सगुणाने विचारलं.

ईशाने मान हलवली आणि पुढे सांगू लागली. रविवारी ती भाऊ व्हायची. त्याची थंडी अंगावर काकडून दाखवायची, त्याचा कंटाळा जांभई देऊन, त्याची भीती डोळे मोठे करून. सोमवारी पुन्हा टोपली घेऊन आईमागे लिलावाला. बाहेरून बी.ए. केलं, तेही पुस्तकं फारशी न उघडता.

पदवीदानाला तिघंही एस.टी.ने दापोलीला गेली. सगुणाने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. हॉल भरलेला. व्यासपीठावर भाषणं चालू होती आणि ईशा ती आईला ओठांनी सांगत होती. काळा झगा घातलेला गौरव रांगेत दिसला तसं सगुणाने शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला.

"तो माझा झील! आमच्या हिला पण शिकता आलं असतं हो, पण हिला अभ्यासाचा आळस!"

तिला वाटलं आपण हळू बोललो. पुढच्या चार रांगा वळून ईशाकडे बघू लागल्या. कुणीतरी हसलं. शेजारची बाई ओशाळून म्हणाली, "असूं दे, असूं दे."

ईशाने आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सावकाश हलवला. माझाही नंबर लागला होता. गौरवच्या वर. बाबांनी नको म्हटलं. तुझ्यासाठी.

सगुणाच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. तिने हनुवटी सोडवून घेतली आणि गौरवचं नाव पुकारलं गेलं नसतानाच टाळ्या वाजवायला लागली.

गौरव मित्रांसोबत मागे राहिला. परतीच्या एस.टी.त लवू पुढच्या सीटवर, या दोघी मागे. गाडी घाट उतरायला लागली तेव्हा सगुणा बोलली. खडखडाटावरून अख्ख्या गाडीला ऐकू गेलं.

"मला म्हायत होतं."

ईशा वळली.

"तेव्हाच म्हायत होतं. तुझा बापूस खोटं सांगतो तेव्हा त्याचे हात अडखळतात. मी काय येडी हाय?"

लवूने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. ईशाचे ओठ थरथरत होते, आईला वाचता यावेत म्हणून तिला ते आवळून धरावे लागले. मग बोलली का नाहीस?

"काय बोलू? तू गेली असतीस तर? सगळी माणसं माझ्यासमोर नुसती तोंडं हलवतात. तू एकटी बोलतेस."

आणि मघाशी? सगळ्यांसमोर? आळस म्हणालीस.

"मग लोकांना काय सांगू? मीच ठेवून घेतली म्हणून सांगू?"

कंडक्टर सुट्या पैशांची पिशवी खुळखुळवत आला आणि तसाच मागे गेला. सगुणाने लेकीचा हात हातात घेतला. ईशाने तो काढून घेतला नाही, पण रत्नागिरी येईपर्यंत तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

गौरवला औषधं-खतं विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि तो देशावर गेला. रविवारची पत्रं चालूच होती. आता त्यांत मोटारसायकल होती, ढाब्यावरची जेवणं होती. ईशा ती सांगायची, पण नुसते ओठ हलवून. ना काकडणं, ना जांभई. सगुणा म्हणायची, "आज मजा नाय आली."

शिमग्यानंतर ईशाने सावर्ड्याजवळच्या एका रोपवाटिकेत नोकरी धरली. मालकीण उल्का मॅडम होत्या. कामाला असलेल्या मुलींना तिथेच राहायची खोली होती. ईशाने हे बापाला सांगितलं तेव्हा तो घराच्या पायरीवर बसून चहा पीत होता.

"आणि तुझ्या आयशीचं?"

"मिशी काढा, बाबा."

लवूचा कप हवेतच राहिला. तिने आवाज चढवला नव्हता. त्याने मिशीवरून हात फिरवला, उरलेला चहा अंगणात ओतला आणि धक्क्याकडे निघून गेला.

आईला तिने स्वतः सांगितलं. समोर बसून, उजेडात, सगळं. सगुणाने तिचे ओठ वाचले आणि एवढंच विचारलं, "लिलावाला माझ्यासंगती कोण?"

तिथे मासे घ्यायला येणारी हौसामावशी बोटांनी आकडे दाखवेल, ईशाने सांगितलं.

"हौसा!" सगुणा म्हणाली आणि चुलीकडे वळली.

पंधरवड्याने ईशा पहिल्यांदा घरी आली. सगुणाने बांगड्याचं तिखलं केलं होतं. ताट वाढलं, समोर बसली, नेहमीसारखी दाराकडे पाठ करून. ईशाला सांगायचं पुष्कळ होतं. खोलीत सोबत राहणारी शमिका झोपेत बरळते ते, कलमासाठी काजूच्या काड्या निवडताना बोटांना लागणारा चीक, उल्का मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे दिलेला एक पूर्ण वाफा. आणि हे सगळं पहिल्यांदाच तिचं स्वतःचं होतं. तिने ओठ हलवायला सुरुवात केली.

सगुणाने डोळे मिटून घेतले.

ईशा थांबली. तिने आईच्या हाताला स्पर्श केला. सगुणाने हात मागे घेतला नाही, पण डोळे उघडले नाहीत. झोप लागलेल्या माणसासारखे नव्हे, घट्ट, पापण्यांना सुरकुत्या पडतील असे मिटले होते. ईशाने मोठ्याने "आई" म्हणून पाहिलं. त्याचा उपयोग नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने जेवण संपवलं. चव छान होती. ताट घासून पालथं घातलं, पिशवी खांद्याला लावली. दारातून वळून पाहिलं तेव्हा सगुणा डोळे मिटून तशीच बसलेली होती. ईशा पाखाडीच्या पायऱ्या उतरून सावर्ड्याची गाडी गाठायला चालू लागली.