गिलक्याच्या मांडवातले पिवळे भुंगे

मी एक जुना बांबू आहे, मधोमध उभा चिरलेला. मित्रांनो, एका किड्याची ओळख पटावी म्हणून मला चिरले गेले.

पेठच्या डोंगरात कोयत्याने मला तोडले. नाशिकला आणल्यावर गंगापूर रोडच्या पलीकडे, नाल्याकाठच्या मळ्यात यशोदाबाईंच्या गिलक्याच्या मांडवावर मला आडवे बांधले. ते साल १९७६. वेलींचे ओझे मी न वाकता पेलले. यशोदाबाईंचे पती निवृत्ती माझ्यावर थाप मारून म्हणत, "ह्यो लोखंडाला भारी हाय."

दोन पावसाळे गेले आणि एका भुंगीने मला भोक पाडले. ती काळी होती, पाठीवर पिवळी लव होती. दिवसभर ती कुरकुर आवाज करत कोरायची आणि खाली भुसा सांडायचा. मला फार दुखले. आत तिने खोल्या केल्या. प्रत्येक खोलीत परागाचा गोळा, त्यावर एक अंडे, मग भुशाची भिंत. सकाळी गिलक्याची फुले उमलली की तिच्यासारख्या काळ्या भुंग्या त्यांत शिरत आणि परागाने माखून बाहेर येत. मांडवापुढे सगळे अंग पिवळे असलेले भुंगेही असत. ते माणसाच्या तोंडासमोर येऊन हवेत तसेच थांबत.

१९८० च्या उन्हाळ्यात निवृत्ती गाळ काढायला विहिरीत उतरले. कपारीत गांधीलमाश्यांचे पोळे होते. त्याला पहारीचा धक्का लागला. माश्या त्यांच्या डोळ्यांना, ओठांना, मानेला डसल्या. वर काढले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. दवाखान्यात नेणारा टेम्पो नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत पोचला आणि त्यांचा प्राण गेला.

त्यांचा धाकटा भाऊ सहादू त्या दिवसापासून पिवळे काही उडताना दिसले की ठेचू लागला. निरगुडीचा फोक घेऊन तो मांडवाखाली उभा राही. सपकन आवाज येई आणि पिवळा भुंगा मातीत पडे. काही अर्धमेले होऊन एका पंखावर गोल गोल फिरत राहत. मग टाच पडे.

पुढच्या श्रावणात यशोदाबाई गिलकी तोडत असताना एक पिवळा भुंगा त्यांच्या तोंडासमोर थांबला. सहादूने ते पाहिले आणि घरातून रॉकेलचा डबा आणला.

"वहिनी, बाजूला व्हा. ह्या गांधीलमाश्यांचं घरच जाळून टाकतो."

"भाऊजी, ह्याच मांडवावर माझी चूल पेटती!"

"दादा गेला, आता तुमी बी जाणार का?"

नाल्याकाठी मोतीराम मास्तर जाळी घेऊन फिरत होते. ते शहरात शाळेत शिकवत, मळ्याजवळच्या वसाहतीत राहत आणि रविवारी रानभुंग्यांच्या जाती शोधत. यशोदाबाईंनी त्यांना हाक मारली. मास्तरांनी एक काळी भुंगी पकडली, एक पिवळा भुंगा पकडला. दोघांचे पंख आणि पाय नीट पाहून ते म्हणाले, "ही गांधीलमाशी नाही. हा सुतारभुंगा. काळी ती मादी, पिवळा तो नर. जात एकच."

सहादू हसला. "काय मास्तर! म्हैस काळी म्हून रेडा पिवळा असतो व्हय?"

"नराला नांगीच नसते. हे बघा." मास्तरांनी पिवळा भुंगा मुठीत धरला.

"तुमी जादू शिकले असान! माझा भाऊ मेलाय, मास्तर. तुमचा नाय." सहादूने त्यांच्या मुस्काटात मारली. मास्तरांचा चष्मा चिखलात पडला आणि ओठातून रक्त आले. त्यांनी चष्मा उचलला नाही.

"एक बांबू फोडा," ते म्हणाले. "आत दोन्ही रंगांची पोरं एकाच घरात सापडली नाहीत, तर काडी मी लावतो."

सहादूने मला हिसकून खाली ओढले आणि कोयता घातला. दुसऱ्या घावाला मी फाटलो. काळी आई बाहेर झेपावली आणि त्याच्या मनगटाला डसली. ओरडत त्याने तिला झटकले आणि दगडाने ठेचले.

माझ्या उघड्या पोटात ओळीने खोल्या होत्या. काहींत पांढऱ्या अळ्या होत्या. टोकाच्या दोन खोल्यांत पंख फुटलेली पिल्ले होती. एक काळे होते. त्याच्या शेजारी, भुशाच्या भिंतीपलीकडे, एक पिवळे होते.

सहादूने पुन्हा कोयता उचलला. यशोदाबाईंनी ते पिवळे पिल्लू तळहातावर घेतले आणि हात मांडवाच्या खांबावर टेकला.

"मारा आता. हातासकट मारा."

कोयता वरच राहिला. यशोदाबाईंनी त्याचा सुजलेला हात ओढला आणि पिल्लू त्याच्या तळव्यावर ठेवले. सहादूने डोळे गच्च मिटले. पिल्लू बोटांवरून चालले, पंख थरथरवून गुणगुणले, पुन्हा चालले. ते डसले नाही.

"वहिनी," तो डोळे न उघडता म्हणाला, "म्या किती मारले असतील गं?"

 यशोदाबाईंनी रॉकेलचा डबा उचलून घरात नेला.

मांडव वाचला. मित्रांनो, माझ्या पोटातल्या अळ्या मात्र वाचल्या नाहीत. अजून पंख न फुटलेल्या त्या पोरांना संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी ओढून नेले. मास्तर शेजारी उकिडवे बसून मुंग्या फुंकत राहिले, पण त्या फार होत्या.

आता मी गोठ्याच्या छपराखाली पडून आहे. भुंग्यांना माझा उपयोग नाही, कारण फाटलेल्या बांबूत घर होत नाही. तुमच्या मळ्यात भोक पडलेला बांबू दिसला तर त्याला चुलीत घालू नका. कोपऱ्यात बांधून ठेवा आणि सकाळी लांब बसून पाहा. कोण आत जाते, कोण बाहेर येते, काळे कोण आणि पिवळे कोण, हे बसल्या जागेवरून दिसते. त्यासाठी कोयता लागत नाही.