एका रेघेपर्यंत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही सुई ओवताय. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो, शेजारी कुणीतरी मिरचीची फोडणी घालतं, पत्र्यावर वानर उडी मारतं, आणि हे सगळं एकदमच तुम्हाला हाका मारतं. सुई? ती कुठे ठेवली कोण जाणे!

वरवट बकाल गावातल्या दहा वर्षांच्या महेजबीनचं रोज असंच व्हायचं. तिच्या कलीमचाचांचं गाद्यांचं दुकान घराला लागूनच. तिथे तिने कितीतरी उश्या शिवायला घेतल्या, पण पुरी एकही झाली नाही. लोक तिला वांड म्हणत. खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिला तपासून तिच्या अम्मीला, मुबीनाला, सांगितलं, "ही वांड नाही. हिला एडीएचडी आहे. लक्ष एका जागी धरून ठेवणं हिच्या मेंदूला जड जातं. औषध लागेल की नाही ते पुढे पाहू. आधी काम लहान तुकड्यांत द्या, एका वेळी एकच गोष्ट सांगा, मध्ये पळू द्या आणि जमलं की लगेच शाबासकी द्या."

त्या रविवारी अम्मीची बहीण शकीलाखाला आपलं नवं बाळ घेऊन संध्याकाळी येणार होती.

"बाळाची गादी मीच शिवणार!" महेजबीन म्हणाली.

चाचा हसले. "तू? तुह्या पायाले तं भिंगरी हाय. बाळ शाळेत जाईन तवा पुरी होईन तुही गादी!"

"भाईजान, करू द्या तिले," मुबीना म्हणाली. तिने खडूने छोट्या गादीवर रेघा मारल्या. "या रेघेपर्यंत शिव. मंग अंगणातल्या कडुनिंबाले हात लावून ये."

पहिली रेघ झाली. "वा, टाके कसे सरळ आले!" अम्मी म्हणाली. महेजबीन पळाली, झाडाला हात लावून परत आली. दुसरी रेघ झाली. तिसरीनंतर मात्र शेजारची बकरीची पिल्लं दिसली आणि ती तिकडेच रमली. मुबीनाच्या ओठांवर ओरडा आला होता. तो तिने गिळला, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "महेजबीन, सुई."

पोर धावत आली. बसण्याआधी तिने लाल दोरा स्वतःच्या मनगटाला बांधला. "हा दिसला का वापस यायचं," ती म्हणाली. हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं.

शेवटची रेघ उरली आणि दारात ऑटो थांबला.

"आण इकडं, मी उरकतो," चाचा म्हणाले.

महेजबीनने गादी छातीशी धरली. "नको चाचा. एकच रेघ राह्यली."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठून कापूस पिंजायची धडधडणारी मशीन त्यांनी बंद केली. शकीलाखाला बाळाला घेऊन दारातच उभी राहिली. टाक्यामागून टाका पडत गेला.

बाळ गादीवर झोपलं तेव्हा चाचा रस्त्यावर जाऊन दिसेल त्याला सांगत होते, "आमच्या पोरीनं शिवली! सारी तिनंच!" मुबीना पदराने डोळे पुसत हसत होती.

आणि महेजबीन? तिने गणिताची वही उघडली, दर दोन गणितांखाली पेन्सिलीने एकेक रेघ मारली, पहिल्या रेघेपर्यंतची गणितं सोडवली आणि कडुनिंबाकडे पळाली.