खालच्या घरातली ऊब

काजताईंनी दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले. जमीन गरम होत होती.

आधी त्यांना भासच वाटला. हल्ली भासांची काही कमी नव्हती. मग वाकून त्यांनी तळहात लाकडी फळीवर टेकवला. फळी कोमट लागली, तसा त्यांनी हात झटकन मागे घेतला. मांडीवरच्या शर्टाच्या शेवटच्या काजात सुई अर्धवट अडकली होती, ती तशीच राहिली.

खालचं घर बंद होतं. तिथे एकटे राहणारे कंडक्टर वारले त्याला महिना होत आला होता आणि तेव्हापासून त्या घरातून ना उजेड, ना आवाज. वरची जमीन तापावी असं खाली कोणी उरलंच नव्हतं.

तेवढ्यात खालून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक बाई शिंकली. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. कंडक्टरांची लेक सामान आवरायला येणार आहे, असं बिल्डिंगचे सेक्रेटरी सकाळीच जिन्यात सांगून गेले होते. भुतं शिंकत नाहीत, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तरी पाय काही त्यांनी खाली ठेवले नाहीत.

काजताई हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गावातल्या मोठ्या शिंप्यांकडच्या शर्टांची आणि कोटांची काजं त्या घरी बसून हातानं करत. हातचं काज कापड विरलं तरी उसवत नाही, असं शिंपी गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगत. जसं काही त्यांनीच केलं होतं. काम सगळं बोटांचं. बोटं गारठली की टाका वाकडा पडायचा, त्यामुळे हिवाळ्याशी काजताईंचा उभा दावा. तरी स्वतःचा हीटर त्या लावत नसत. एकटीसाठी कशाला जाळायचं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकटीसाठी त्या बरंच काही करत नसत.

थंडी पडू लागली की आतली खोली बंद करून त्या बाहेरच्या खोलीत मुक्काम हलवत. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबत. चिंध्यांना त्या घरात तोटा नव्हता. इस्त्री सकाळी उरकायची, म्हणजे खोलीतला काकडा जरा मोडतो. इस्त्री झालेला कपडा लगेच घडी घालून ठेवायचा नाही, आधी मांडीवर पसरायचा. लोखंडी अंगुस्तान काखेत धरून त्यात ऊब आणायची, मगच बोटात चढवायचं. आणि या सगळ्यांहून मोठी युक्ती म्हणजे खुर्ची कुठे ठेवायची ती.

बिल्डिंग जुनी होती, दोन मजल्यांच्या मध्ये नुसत्या लाकडी फळ्या. खाली कंडक्टरांचा गॅसचा हीटर ज्या कोपऱ्यात होता, त्याच्या नेमक्या वर काजताईंची खुर्ची होती. दिवेलागणीला खाली हीटर पेटला की थोड्या वेळानं वरची चटईएवढी जागा उबदार होई. नाजूक काम सगळं त्या चटईएवढ्या जागेत आणि तेवढ्या वेळात व्हायचं. निजायच्या आधी कंडक्टर हीटर बंद करत, आणि मग काजताईही काम गुंडाळत.

कंडक्टरांना हे ठाऊक होतं. सगळं आयुष्य बसमध्ये गेलेला माणूस, फुकट्या प्रवासी त्यांच्या नजरेतून सुटतोय कशाला. जिन्यात गाठ पडली की ते हात पुढे करत.

"काय ताई, तिकीट? वरच्या डेकवर रोज फुकट प्रवास चाललाय."

"पास आहे माझा."

"दाखवा बघू."

मग काजताई पदराला अडकवलेली सुई काढून त्यांच्या कोटाचं लोंबणारं बटण तिथल्या तिथे पक्कं करून देत. कंडक्टरांच्या कोटाचं एखादं बटण नेहमी लोंबतच असे. दोघांमध्ये व्यवहार होता तो एवढाच. एकमेकांच्या घरी जाणं नाही, चहा नाही.

महिन्यापूर्वी एका रात्री मात्र निजायची वेळ उलटून गेली तरी हीटर बंद झाला नाही.

काजताईंना ते कळलं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि स्वतःपासून ती लपवता येत नव्हती. हिवाळ्यातला सगळ्यात कडक गारठा तेव्हाच पडला होता. फळ्या अजून गरम आहेत हे पाहून त्यांना वाटलं, म्हातारबुवांनी आज हात सैल सोडला. त्यांनी पायमोजे काढले. गादी ओढत त्या जागेवर आणली आणि इतक्या गाढ झोपल्या की कूसही बदलली नाही. सकाळीही ऊब होती. दुपारीही. दिवसभर त्यांनी गुणगुणत तुंबलेलं काम उपसलं. खाली कंडक्टर हीटरजवळ जमिनीवर पडून होते. त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. पडल्यानंतर रात्रभर तरी जीव असावा, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

त्या रात्री झोपेत खालून ठकठक ऐकू आली होती का? काजताईंना सांगता येत नव्हतं. खरंच ऐकली होती, की सगळं कळल्यावर मनानंच ती त्या रात्रीत नेऊन ठेवली, हे आता ठरवणार कोण? आता मात्र ती रोज ऐकू येई. काज करताना, भांडी घासताना, भर दिवसा. एकदा त्यांनी खुर्ची पार दुसऱ्या भिंतीला नेली. पण तिकडे उजेड नव्हता, डोळे दुखायला लागले, मग मुकाट्यानं परत आणली. आवाज दोन्हीकडे सारखाच येत होता.

दारावर थाप पडली. काजताई दचकल्या आणि सुई बोटात शिरली.

"मावशी, मी खालची. येऊ का?"

कंडक्टरांची लेक चाळिशीकडे झुकलेली होती. बापाचा कोट तिनं स्वतःच्या स्वेटरवर चढवला होता. खांदे तिला मोठे होत होते. कोटाची सगळी बटणं जागच्या जागी होती.

"अगं बाई, किती गार तुमच्याकडे!" आत येता येता ती म्हणाली. "हीटर नाही?"

"आहे. लावत नाही."

"बाबांसारख्याच तुम्ही," ती म्हणाली.

काजताईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे केली, पण ती खालीच बसली. बसल्या बसल्या तिनं नवलानं फळीवर हात फिरवला.

"इथे तर गरम आहे! मी खाली हीटर लावलाय, त्याचीच का ही ऊब?"

"हो."

"सिलिंडर नवीन आणला आज. त्या खोलीत बसवेना." मग जरा सावरून ती म्हणाली, "मावशी, तुमचे आभार मानायचे होते. तेव्हा त्या गडबडीत काही सुचलंच नाही. सेक्रेटरी म्हणाले, ताईंचं लक्ष होतं म्हणून कळलं. ताईंनीच खाली येऊन दार वाजवलं, हाका मारल्या, बिल्डिंगच्या लोकांना बोलावलं. तुम्ही नसतात तर बाबा तसेच आणखी किती दिवस..."

महिनाभर हेच चाललं होतं. जिन्यात, दुकानात, शिंप्यांकडे. ताईंचं लक्ष होतं. प्रत्येक वेळी काजताईंनी तोंड उघडलं होतं आणि प्रत्येक वेळी मिटलं होतं. लोक त्याला विनय समजत होते.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

"नको. एक विचारायचंय. पण मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, तसं सगळेच सांगतात." तिनं कोटाच्या बाह्या तळव्यांपर्यंत ओढून घेतल्या. "दार फोडलं तेव्हा खोली बर्फासारखी झाली होती म्हणे. सिलिंडर रिकामा होता. त्या रात्री हीटर लावलेला होता का हो?"

"लावायचे की ते. रोज संध्याकाळी लावायचे."

"ते रोजचं झालं. त्या रात्री?"

"लावला असेल."

"असेल." ती हसली, पण हसण्यात काही नव्हतं. "सेक्रेटरीही म्हणाले 'असेल'. नवराही म्हणतो 'असेल'."

खाली पाहत ती बोलू लागली. "त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते, कट केला. नंतर करू म्हटलं आणि राहून गेला. बाबा कधी उगाच फोन करायचे नाहीत, त्यांना जिवावर यायचं. गॅस संपला हेच सांगायचं असणार. सिलिंडर चढवायची ताकद नाही आणि लेक फोन घेत नाही. मग बसले असतील तसेच कुडकुडत. आणि पडल्यावर तसेच, गार जमिनीवर, रात्रभर..."

"असं काही मनात आणू नये गं."

"आणत नाही, येतं. मी आता रात्री खिडकी उघडी टाकून झोपते. पांघरूण घेत नाही. मुलीला शेजारच्या खोलीत झोपवते. नवरा म्हणतो, डॉक्टरकडे चल. त्याला कसं सांगू? मला नुसतं कळून घ्यायचं असतं, बाबांना किती गार लागलं असेल ते."

काजताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ फुटले होते. बाहीतून डोकावणारी बोटं सुजून लाल झाली होती. थंडीनं सुजलेली बोटं त्यांना लांबूनही ओळखता येत. ही पोर अशीच चालली तर एखाद्या दिवशी अंथरुणाला खिळेल. आणि तिला बरं करणारं एकच वाक्य जगात फक्त आपल्यापाशी आहे, हे त्यांना लख्ख कळलं. पण 'असेल'च्या जागी 'होता' म्हणायचं, तर आपल्याला कसं ठाऊक तेही सांगावं लागणार होतं. त्यांनी बोटावर आलेला रक्ताचा थेंब पुसला. मनातून त्या भयंकर घाबरल्या होत्या. ही आत्ता जाईल, सामान घेऊन कायमची जाईल, आणि कुणाला काही कळणार नाही, हा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

"हीटर चालू होता," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी म्हटलं ना, उगाच..."

"उगाच नाही. तू बसलीयस ना, तिथेच मी त्या रात्री झोपले होते. गादी ओढून. रात्रभर ही जमीन अशीच गरम होती. याहून जास्तच. गॅस संपला तो नंतर, बाळ, फार नंतर. त्यांचा फोन गॅससाठी नव्हता."

"मग कशासाठी केला असेल?"

"लेकीला फोन करायला कारण लागतं होय? आवाज ऐकावासा वाटला असेल. ते गारठले नाहीत. एवढं मी शपथेवर सांगते."

ती वाकली आणि दोन्ही हात, मग कपाळ फळीला टेकवून रडू लागली. मोठ्यानं, लहान मुलासारखी, नाक ओढत. काजताई खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ बसल्या. पाठीवरून हात फिरवावा असं फार वाटत होतं, पण तो हक्क आपल्याला नाही असं वाटून त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

"रात्रभर?" तिनं डोकं वर न करता विचारलं.

"रात्रभर."

"म्हणजे ऊब होती त्यांना."

"होती."

ती उठून बसली. बाहीनं डोळे पुसले. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की क्षणभर कंडक्टरच समोर बसल्यासारखं वाटलं. काजताईंनाही हलकं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा खालून काही ऐकू येत नव्हतं.

मग डोळे पुसणारा हात हळूहळू थांबला.

"गॅस फार नंतर संपला, म्हणालात."

"हो. सकाळीही गरम होतं. दुपारी, संध्याकाळीही."

"बाबा तर झोपताना हीटर बंद करायचे."

"रोज. न चुकता."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं, तिचं चाक करकरत होतं. तो आवाज पार विरल्यावर तिनं विचारलं, तेही अगदी सावकाश, जणू तिला स्वतःलाच विचारायचं नव्हतं.

"मग तुम्ही खाली कधी गेलात, मावशी?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. वाटलं बरं असतील. वाटलं लेक आली असेल, म्हणून रात्रीही लावलाय. महिनाभर काजताईंनी यातलं प्रत्येक वाक्य स्वतःला सांगून पाहिलं होतं.

"जमीन गार पडल्यावर," त्या म्हणाल्या.

ती उठली. कोटाचं वरचं बटण तिनं लावलं, मग त्याच्या खालचं. दारापर्यंत गेली आणि कडीवर हात ठेवून, पाठमोरीच थांबली.

"पण ऊब होती. नक्की?"

"होती."

तिनं मान हलवली आणि ती जिना उतरू लागली. जाताना दार लोटायचं राहून गेलं, की तिनं मुद्दाम लोटलं नाही, कोण जाणे. जिन्यातला गारठा सरळ आत येऊ लागला. काजताई होत्या तिथेच बसून राहिल्या, दार लावायला त्या उठल्या नाहीत.