सर्वानुमते मंजूर

वरच्या वाडीत गेल्या अडतीस वर्षांत एकही भांडण झालेलं नाही. निदान इतिवृत्ताच्या वह्या तरी असंच सांगतात, आणि वह्या महिपतच्या हातच्या आहेत.

कुडपणच्या अलीकडे, डोंगराच्या काखेत बसलेली ही सत्तावीस उंबऱ्यांची वाडी. त्यातल्या निम्म्या घरांना गणपती नि शिमगा सोडला तर वर्षभर कुलूप, माणसं मुंबईत. उरलेली माणसं बांधाला बांध लावून राहणारी. अशा ठिकाणी भांडणं होणार नाहीत तर काय भजनं होणार? एका शिमग्याला पालखी आधी कोणाच्या अंगणात नाचवायची, यावरून कुशाबाने हैबतीच्या डोक्यात नारळ घातला. नारळ शाबूत राहिला, डोकं फुटलं. पोलादपूरला नेऊन चार टाके घालावे लागले. मंडळाचा चिटणीस म्हणून महिपतने त्या सभेचं इतिवृत्त लिहिलं: 'पालखीच्या मार्गाविषयी सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' आता चार टाके पडेपर्यंत चाललेल्या चर्चेला सविस्तर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

महिपत लबाड नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचं आपलं एक तत्त्व होतं. "भांडण तोंडातल्या तोंडात इरतं," तो म्हणायचा, "कागदावर ठेवलं तर नातवंडं वाचून परत भांडतील." त्याच्या वहीत विरोध करणारा माणूस 'चर्चेत सहभागी' होई, शिव्या देणारा 'मोलाच्या सूचना' करी आणि रागाने धोतर झटकून निघून गेलेला 'कामानिमित्त लवकर' जाई. लोकही खूश होते. आपण इतके शहाण्यासारखे वागलो, हे वाचायला कोणाला आवडत नाही?

मग महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने डोंगरातल्या वाड्यांना पाण्याच्या टाक्या बांधून द्यायचं काढलं. शिमगा सरला की वाडीतल्या बायका खालच्या झऱ्यावरून हंडे वर आणतात, त्यामुळे टाकीचं नाव ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. पण कारखान्याच्या वैशाली मॅडमची एक अट होती. प्रत्येक सभेचा अहवाल इंग्रजीत हवा. कोण काय बोललं, काय ठरलं आणि 'लोकांचा सूर' कसा होता, हे सगळं त्यात हवं. महिपतचं इंग्रजी सहीपाशी सुरू होऊन सहीपाशीच संपायचं. म्हणून मुंबईहून हृतिक आला.

हृतिक म्हणजे महिपतच्या धाकट्या भावाचा मुलगा, कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. त्याने सगळ्या वह्यांच्या पानापानाचे फोटो काढून नेले, दोन महिने मुंबईत काय ते केलं आणि परत येऊन महिपतच्या पडवीत लॅपटॉप उघडला.

"काका, ह्याला डीप न्यूरल नेटवर्क म्हणतात. थरावर थर असतात. सभेतलं बोलणं एकेका थरातून पुढे जातं नि त्याचा अर्थ लागत जातो."

"म्हंजे भातरोपासाठी राब रचतो तसा," महिपत म्हणाला. "खाली शेण, वर टहाळं, वर गवात, वर माती."

"तसंच समजा. खालचे थर सगळ्यांना सामाईक, आणि त्यावर पाच कामं. एक नावं टिपणार, एक सारांश लिहिणार, एक सूर ओळखणार, एक इंग्रजी करणार, एक मॅडमच्या प्रश्नांना उत्तरं देणार. पाच वेगळी मशीनं केली असती तर पाचांना वेगवेगळं शिकवावं लागलं असतं. एकत्र शिकली की एकाचं शिकलेलं दुसऱ्याच्या कामी येतं."

"आन् शिकवलं कोनी?"

"तुम्हीच! मुंबईकरांसाठी आपण सभांचे व्हिडिओ करायचो ना, त्यातलं बोलणं आणि तुमचं इतिवृत्त मी शेजारी शेजारी ठेवलं. सभेत असं झालं की वहीत असं लिहायचं, हे ते तुमच्याकडून शिकलं."

महिपतच्या बायकोने, येसूबाईने, सुपात तांदूळ पाखडता पाखडता विचारलं, "एकाच पोटाला पाच तोंडं व्हय रे? मंग पोट बिघडलं की पाची तोंडांना वास यायचा."

हृतिक हसला. महिपतने तिला गप्प केलं. त्याची छाती तेव्हा गजभर फुगली होती. अडतीस वर्षांचं हस्ताक्षर यंत्रात गेलं होतं. वाडीत आजवर कोणाचं काही कुठे गेलं असेल तर ते फार तर मुंबईला.

पहिल्या तीन सभा उत्तम पार पडल्या. देवळाच्या सभामंडपात स्टुलावर मोबाइल ठेवायचा, सभा संपली की दहा मिनिटांत अहवाल सगळ्यांच्या मोबाइलवर आणि इंग्रजी प्रत मॅडमकडे. गावातलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून अहवाल झाला की रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जाई. तोही ठराव सर्वानुमते झाला होता, आणि तो तर खरोखरच. महिपतला शाल-श्रीफळ देऊन चिटणीसपदातून मोकळं करण्यात आलं. त्याच्याहून चांगलं 'सविस्तर' लिहिणारा आता स्टुलावर बसलेला होता.

चौथ्या सभेत टाकीची जागा ठरायची होती. जागा उंचावर हवी, सपाट हवी. अशा दोनच होत्या. एक मंडळाचा अध्यक्ष सुनील याचा कातळ, ज्यावर गवताची काडी उगवत नव्हती, पण तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं त्याच्या मनात होतं. दुसरी महिपतची राबाची जागा, तीन गुंठे. तिथे राब भाजून पेरलेलं भात तरारून येई आणि तीच रोपं खालच्या सगळ्या खाचरांत लागत. ती गेली म्हणजे महिपतची शेती गेली.

सुनील उठला. "महिपतअण्णा गावाचा मानूस हाय. अण्णांनी गावासाठी काय नाय केलं? टाकी अण्णांच्या राबावर करू."

महिपतला क्षणभर वाटलं, थट्टा चाललीय. मग तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच सभेत लिहायला नव्हे, बोलायला. "नाय," तो म्हणाला. "राब गेला तर मी खाऊ काय? कातळ रिकामा हाय, तिकडं करा. माझी जागा मी देनार नाय. नाय म्हंजे नाय!" शेवटचं 'नाय' इतकं मोठ्याने आलं की घंटेखाली निजलेलं कुत्रं उठून बाहेर गेलं.

सभा मोडली. दहा मिनिटांनी मोबाइल वाजले.

'टाकीच्या जागेबाबत सविस्तर चर्चा झाली. श्री. महिपत यांनी मोलाच्या सूचना केल्या व गावाच्या हितासाठी आपली जागा देण्यास आनंदाने संमती दिली. ठराव सर्वानुमते मंजूर. सभेचा सूर: समाधानी.'

महिपतने ते तीनदा वाचलं. वाक्य परकं नव्हतं. शब्दन्‌शब्द त्याच्या घरचा होता.

त्याने लगोलग हृतिकला फोन लावला. हृतिक बराच वेळ तपासत राहिला. "काका, रेकॉर्डिंग पुसलं गेलंय, पण नावं बरोबर टिपलीत, म्हणजे त्याला ऐकू नीट आलंय. पण तुमच्या वह्यांत कोणी कधी नाही म्हटलेलंच नाही. सभेत आरडाओरडा झाला की वहीत 'आनंदाने संमती' येते, असंच ते शिकलंय. आणि पाची कामांचं उत्तर एकसारखं आलं, म्हणून ते खात्रीचं धरलं गेलं."

"मंग पुस नि खरं लिव."

"अहवाल मॅडमकडे गेला हो. आता चुकला म्हटलं तर आधीचे तिन्ही संशयात येतील. त्या म्हणतील, ह्या गावात कधी कोणी नाही म्हणत नाही, मग आजच कसे म्हणाले? एक करा. वह्यांत कुठेतरी, माझ्या फोटोतून सुटलेल्या पानावर का होईना, कोणाचा तरी नकार लिहिलेला शोधा. एक जरी सापडला तरी ह्या गावात लोक 'नाही'ही म्हणतात आणि चूक मशीनची आहे, हे मला दाखवता येईल."

चार दिवस महिपत वह्या चाळत होता. जेवणावरून उठून चाळत होता. नारळाची सभा सापडली, विहिरीवरून झालेली मारामारी सापडली, दोन भावांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं ती सभाही सापडली. सगळीकडे एकमत. इतकी सुखी वाडी पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नसेल. आणि मग १९९८ च्या वहीत हे सापडलं: 'शाळेसाठी श्रीमती बयाबाई यांनी आपली परड्याची जागा आनंदाने दिली.'

बयाबाई तेव्हा नुकती विधवा झालेली. सभेत ती जागा देणार नाही म्हणून रडली होती, जमिनीवर हात आपटले होते. दुसऱ्या दिवशी महिपतच्या दारात येऊन म्हणाली होती, "म्या नाय म्हटलं व्हतं, महिपत. तू ऐकलंस." आणि महिपतने तिला समजुतीच्या सुरात सांगितलं होतं, "आता वहीत लिवलंय ना वैनी, त्येच खरं." पुढे तिने अंगठा दिला. शाळा झाली. महिपतची मुलं त्याच शाळेत शिकली.

त्याने वही मिटली. त्याला लाज वाटली, अशी की घरात कोणी नसतानाही त्याने मान खाली घातली. बयाबाईकडे जाऊन चार शब्द बोलावेत असं त्याच्या मनात आलं, पण सत्तावीस वर्षांनी, तेही आपल्या गरजेला, कोणत्या तोंडाने जायचं?

सोमवारी वैशाली मॅडम संमतीपत्र घेऊन आल्या. सभामंडपात वाडी जमली, स्टुलावर मोबाइल बसला, सुनीलने हार आणला होता.

"मॅडम, मी जागा दिलेली नाय," महिपत म्हणाला. "मी नाय म्हटलं व्हतं."

मॅडम गोंधळल्या. त्यांनी अहवाल काढला. "काका, इथे तर आनंदाने असं आहे. बदललं असेल मन, तसं सांगा. जबरदस्ती नाही. पण नव्या जागेसाठी सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि मग ही टाकी यंदा दुसऱ्या वाडीला जाईल. शब्द फिरला असं मला वर लिहावं लागेल."

"शब्द दिलाच नाय तर फिरल कसा? कातळाची जागा हाय, ती बघा. ह्या समद्यांनी ऐकलंय. इचारा!"

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. कुशाबाला एकाएकी चप्पल दुरुस्त करावीशी वाटली. हैबती आढ्याकडे बघत राहिला. बायका खाली बघत होत्या. टाकी गेली तर हंडे त्यांच्याच डोक्यावर येणार होते. येसूबाईही खालीच बघत होती, आणि तिच्या माथ्याला हंड्याने पडलेला घट्टा महिपतला तेवढ्यात दिसला. कोणी त्याचं वैरी नव्हतं.

खांबाशी बयाबाई बसली होती. वाडीत कोणाची भीडभाड न ठेवणारी तेवढी एकच.

"बयावैनी," महिपत तिच्याकडे वळला. "तू व्हतीस त्या दिशी. म्होरंच बसलेलीस. तू तरी सांग गो, मी नाय म्हटलं का नाय?"

बयाबाईने त्याच्याकडे निवांत पाहिलं. घाई नव्हती तिला.

"म्या अडानी बाई," ती मॅडमना म्हणाली. "मला काय कळतंय? लिवलंय ना त्येच्यात? मंग त्येच खरं."

महिपतला तिचा राग आला नाही. राग येण्याइतकी जागा त्याच्याकडे उरली नव्हती. त्याने पेन मागितलं आणि खाली बसून सही केली. सुनीलने हार घातला, मॅडमनी फोटो काढला, "काका, हसा ना," म्हणाल्या, आणि तो हसलाही.

दहा मिनिटांनी मोबाइल वाजले. 'श्री. महिपत यांनी संमतीपत्रावर आनंदाने सही केली. सभेचा सूर: समाधानी.'

बयाबाईपुरता तो सूर अगदी बरोबर होता.