नीराबाईच्या अंबाड्यातली सुई

मी नीराबाईची गोंदणाची सुई बोलते आहे. तिच्या सासूकडून मी तिच्याकडे आले. श्रीवर्धन तालुक्यातल्या कितीतरी दंडांवर मी रामनाम लिहिले. कीर्तनकाराचे नाम वाऱ्यावर जाते, माझे कातडीत मुरते, असा माझा समज होता. नामाचा अहंकार सर्वांत चिवट; तो सोवळे नेसून येतो.

माझे सोवळे म्हणजे जत्रेच्या सकाळी हळदीच्या पाण्यात एक बुडी. मग दिवसभर येईल तो हात: मुरुडची कोळीण, न्हावा शेव्याचा ट्रकवाला, बोर्लीचा दुकानदार. मधे पदराने पुसले की झाले. देवाचे नाव लिहिणाऱ्या सुईला विटाळ कसला?

गेल्या जत्रेनंतर गावात चौघे पिवळे पडले; चौघांनीही जत्रेत गोंदून घेतले होते. पंचायतीत गोंदण बंद करण्याचा ठराव आला. तेव्हा गावची आशा सेविका कल्पिता उभी राहिली.

"बंद केलंत तर बायका करवंदीच्या जाळीमागं जाऊन गोंदतील. त्यापेक्षा माणशी नवी सुई द्या नि रक्त तपासायचं टेबल गोंदणाच्या शेजारीच मांडा. तालुक्याला जायचं म्हणजे दोन एसट्या नि दिवसाची मजुरी. बंदरावरच्या ट्रकवाल्यांना तपासणीचं शिबिर मिळतं, मग आमच्या बायकांनीच काय पाप केलंय?"

पापाचा विषय निघताच देवळाच्या पुजारीबुवांनी घाईने मान डोलावली. ठराव मागे पडला.

या जत्रेत नीराबाईपुढे कोऱ्या सुयांचा खोका आला आणि वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा पांढरा डबा. मी मात्र तिच्या अंबाड्यात दडून होते. आज तिची नवी सून भाविका गोंदून घेणार होती, आणि सुनेला गोंदायचे ते घराण्याच्या सुईनेच, असा नीराबाईचा हट्ट होता.

भाविकाने मनगट पुढे केले. नीराबाईचा हात अंबाड्याकडे वळला, तोच शेजारच्या टेबलावरून कल्पिता म्हणाली, "मावशी, आधी दोघींची तपासणी."

"मला काय धाड भरलीय? मी देवाची नावं लिवते."

"मग देवाचं नाव घ्या नि बोट द्या."

भाविकाच्या तपासणीच्या पट्टीवर एक रेघ उमटली, नीराबाईच्या पट्टीवर दोन. रांगेतली बायजा कोळीण डोकावली आणि ओरडली, "अगो बाय! दोन रेघा! नीरे, सुनेच्या आधी सासूच पाळणा बांधते काय गो?"

अख्खी रांग हसून लोळली. नीराबाई पासष्टाव्या वर्षी लाजली.

कल्पिताने तिला मंडपामागे नेले. मी अंबाड्यात असल्याने सारे ऐकले. "मावशी, ही कावीळ हाय, रक्तातून पसरणारी. अजून एक तपासणी करू. औषध लागलं तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. भाविकाला लस देऊ. हातमोजे घाला, माणशी नवी सुई घ्या. धंदा सोडायची गरज न्हाय."

नीराबाई म्हणाली, "माझी सुई मला कितीदा टोचलीय. तिनंच पोरीला गोंदलं असतं तर?"

"तिलाही झाली असती कदाचित."

नीराबाईने मला उपसले. अंबाडा सुटला, केस खांद्यावर आले. तिने मला कपाळाला लावले, जागेवर येऊन डब्यात सोडले आणि हातमोजे चढवले.

"आता डाक्टरीण शोभतेस," बायजा म्हणाली.

थोड्या वेळाने भाविकाच्या मनगटावर तुळस काढून एक कोवळी सुई माझ्याशेजारी पडली. मी विचारले, "जन्मात एकच हात पाहिलास, एवढ्यावर समाधान?"

ती म्हणाली, "आजी, पोर सुखरूप हाय ना?"

आयुष्यात प्रथमच मी शरमेने टोक खाली केले.

उद्या गाडी येईल आणि आम्हाला विल्हेवाटीला नेईल. वाचकहो, गोंदा, देवाचे नाव अवश्य गोंदा. पण सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला लावा. माझा हा शेवटचा नमस्कार. वर नीराबाईचा आवाज चढला आहे:

"बायजे, पळतेस कुठं? आधी त्या टेबलावर बोट दे, मग इथं दंड!"