बोगनवेलीची तहान

थोरली नात रुद्राणी हिचं लग्न झालं, ते साल २०२२. लग्न ठरताच पाटोद्याच्या ईश्वरप्पांनी सगळ्यांना सांगून टाकलं की मांडवाच्या दारात त्यांची बोगनवेल फुललेली असेल. शेजारचा दोडक्याचा वेल बायकोचा, गंगासागरबाईंचा. तो रोज घागरभर पाणी पिऊन, शेणखत खाऊन दोडक्यांनी लगडला. ईश्वरप्पांनी बोगनवेलीलाही तेवढंच पाणी न् तेवढंच खत घातलं. तिला नुसता पाला आला.

"लग्नाला दीड महिना हाय," गंगासागरबाई म्हणाल्या. "तवर फूल न्हाई आलं तर तुमी ही जागा माझ्या दोडक्याला द्यायची."

"दिली," ईश्वरप्पा म्हणाले.

शेजारची जिनत कुंपणापलीकडून हसली. तिच्या दारातली बोगनवेल फुलांनी वाकली होती. "चाचा, दोडक्याला पाजा. हिला कावून पाजता? हिला तहानेली ठेवा, उन्हात तापू द्या."

त्या दिवसापासून ईश्वरप्पा एकच घागर आणू लागले. बोगनवेलीची पानं मलूल झाली. दोनदा त्यांचा हात घागरीकडे गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मागं घेतला. पंचविसाव्या दिवशी शेंड्यांना राणी रंग चढला. हळदीच्या सकाळी तर दारावर पान शोधावं लागत होतं. वऱ्हाडानं तिथं फोटो काढले आणि आत बसून दोडक्याची भाजी खाल्ली.

"लई मिरवू नका," गंगासागरबाई म्हणाल्या आणि त्या बोगनवेलीचाच एक झुबका अंबाड्यात खोवला.

ईश्वरप्पा २०२४ च्या माघात, बोगनवेल फुलांनी भरलेली असताना वारले.