वाफ्यातली जास्वंद

आमच्या सवाइई बेटावर अंगणात कुदळ मारली की ठणकन वाजते. खाली सगळा लाव्ह्याचा काळा दगड. तरी मी चार महिने पाठीवरून पोत्यांनी माती आणली, कडेला दगड रंगवून लावले, वर काथ्या पसरला आणि झेंडूचा वाफा केला. कुणासाठी? महिला समितीच्या तपासणीसाठी! घरोघरची अंगणं बघत हिंडतात या बायका, आणि नापास झालेल्यांची नावं रविवारी सगळ्यांसमोर वाचतात.

मागच्या खेपेला माझी फुलं आलीच नव्हती. मग बऱ्याच जणी करतात तोच शहाणपणा मी केला. फुललेल्या फांद्या तोडून मातीत खोचल्या. समितीच्या प्रमुख आपेरिलाबाईंनी नेमकी एक उपटली आणि माझं हसं झालं. सासू तिथेच, सगळ्या बायकांसमोर कडाडली, "पुन्हा हिचं नाव निघालं तर वर्षभर माहेरी पाठवणार नाही!"

आणि आता माझी आई पलीकडे उपोलू बेटावर अंथरुणाला खिळलेली. भावाचे निरोपावर निरोप, सिएनी, लवकर ये, दिवस कमी आहेत. सासूचं एकच पालुपद, "आधी तपासणी होऊ दे." असा संताप यायचा! बाई आहे की कोण, असं वाटायचं.

तपासणीच्या सकाळी झेंडूला नुसत्या कळ्या. एक फूल उमललं असेल तर शपथ. निदान मुळं तरी खरी आहेत, असं मनाशी म्हणत मी आंघोळीला गेले. येऊन बघते तर समिती अंगणात हजर, आणि वाफ्याच्या मधोमध लालभडक जास्वंद. मी जास्वंद लावलीच नव्हती.

"अगंबाई, काय फुललीय!" म्हणत आपेरिलाबाई वाकल्या.

"झेंडू बघा ना," मी घाईघाईने मध्ये गेले. "कळ्या बघा किती धरल्यात. हवं तर एखादं रोप उपटून बघा."

"झेंडू बघितला. हिच्यापुढे का आडवी येतेस गं?"

मागच्या बायका खुसखुसल्या. आपेरिलाबाईंनी फांदी धरून ओढली. ती अलगद हातात आली. टोकाला मूळ नाही, कोयत्याचा ताजा काप.

"सिएनी, परत?"

"मी नाही केलं! आईची शपथ, मी नाही!"

"मग काय भुताने खोचली?" कुणीतरी म्हणालं.

आता आईचं तोंड काही दिसत नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"मी खोचली."

सासू पायरी उतरून आली. उभ्या जन्मात जिच्याकडे समितीने बोट दाखवलं नव्हतं, ती.

"तुम्ही?" आपेरिलाबाईंनी एकदा हातातल्या फांदीकडे बघितलं, एकदा सासूकडे.

"मीच. चारचौघींत बोलून बसले होते, शब्द मागे कसा घेऊ? नुसत्या कळ्या बघून तुम्ही हिला नापास केलं असतं, आणि तिकडे म्हातारी लेकीची वाट बघत गेली असती. लिहा माझं नाव. रविवारी सगळ्यांसमोर वाचा."

आपेरिलाबाईंनी खाली मान घालून नाव लिहिलं. कुणी हसलं नाही.

मला रडू आवरेना. "आई..." म्हणत मी तिचा हात धरायला गेले.

"तुझी आई तिकडे आहे, इथे काय आई आई करतेस!" ती खेकसली. "दुपारची बोट चुकेल. गाठोडं कालच बांधून ठेवलंय तुझं."